बडनेऱ्याच्या सडकेवर बिनबैलाची गाडी

देवीदास सुतार मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत त्याच्या वडिलांचं, शालिकराम सुतारांचं, बैलगाडीची चाकं करायचं दुकान होतं. देवीदास बारा वर्षांचा असताना नदीच्या उतारावर एक भरलेली गाडी मागे सरकली. शालिकराम चाकाखाली दगड लावायला वाकले होते. ते तिथेच गेले. स्वतःच्या हातानं केलेल्या चाकाखाली माणूस जातो, हे त्यांची बायको पार्बताबाई पुढे जन्मभर विसरल्या नाहीत. घरापुढून गाडी गेली की त्या बोलता बोलता थांबायच्या, आणि चाकांचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचला की मगच पुढचं बोलायच्या.

तरीही मुलगा सुतारच झाला. दुसरं काय होणार होतं? तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. ज्याच्या त्याच्या दारात नवी गाडी उभी राहत होती, आणि एकाने तर चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या. देवीदास मामाबरोबर अमरावतीला गेला आणि तिथेच राहिला. लढाई संपली, भाव उतरला, मामाही वारले. पण अमरावतीचा कापूस बडनेऱ्याच्या स्टेशनावर नेणाऱ्या गाड्या काही कमी झाल्या नाहीत. चाकं मोडत होती आणि देवीदास ती सांधत होता. पार्बताबाई मात्र अकोल्यातच लेकीजवळ, जमुनाजवळ राहिल्या.

ही गोष्ट सन अठराशे एकोणसत्तरच्या दिवाळीनंतरची. देवीदास तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

एका विलायती कापूस पेढीचा साहेब दुकानात एक चमत्कारिक वस्तू घेऊन आला. एकापुढे एक अशी दोन लाकडी चाकं, त्यांच्या कडेनं लोखंडी पट्ट्यांच्या धावा, वर बसायला पट्टी आणि पुढच्या चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या गोळ्याला, पाय ठेवायचे दोन दांडे. सायकल हा शब्द तेव्हा इकडे कुणाला माहीत नव्हता. साहेब तिच्यावरून आपटला होता आणि पुढच्या चाकाचे तीन आरे तुटले होते.

देवीदासनं बाभळीचे नवे आरे बसवले. विलायती लाकूड इकडच्या कोरड्या हवेत आकसून धाव सैल झाली होती, म्हणून गाडीचं चाक भिजत घालतात तसं तेही दोन दिवस हौदात बुडवून ठेवलं. चाक पक्कं झालं, पण साहेबाची मुंबईला बदली झाली होती. "ते लाकडी धूड तूच ठेव," असा त्याचा निरोप आला.

दुकानात नेहमी येणारे नत्थुजी नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी त्या वस्तूभोवती एक फेरी मारली.

"काय गा देवीदास, बैल कुठी जुंपतात याले?"

"बैल नाही लागत, नत्थुजी. आपनच बैल."

"हे तं आमचं रोजचंच हाय. त्याच्यासाठी विलायतेहून गाडी काहून आनायची?"

दुकान हसलं. पण देवीदासच्या मनानं घेतलं होतं. चाक करताना तो ते हातानं फिरवून पाहायचा, कान लावून ऐकायचा. पण चाकावर स्वतः बसून ते फिरवणं, तेही कुठे माल पोचवायचा नसताना, हे त्याला नवीन होतं. पहाटे दुकान उघडण्याआधी तो गावाबाहेर जाऊ लागला.

शिकवणारं कुणी नव्हतं. मग त्यानं गाडीवानाची अक्कल लावली. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाड्यांच्या चाकोऱ्या खोल पडतात आणि थंडीत वाळून दगडासारख्या होतात. गाडीवान काय करतो? चाक चाकोरीत घालतो आणि निर्धास्त होतो. देवीदासनंही तेच केलं. पुढचं चाक नेमकं चाकोरीत घालायचं, पाय मारायचे, आणि दहा हातांवर आडवं व्हायचं. पडला की तो म्हणायचा, चाक चाकोरीत नीट बसलं नव्हतं. मग आणखी खोल चाकोरी शोधायचा. असं महिनाभर चाललं. शेवटी एका पहाटे चाक त्या खोबणीत अडकलं, तो डोक्यावरून पुढे गेला आणि उजवं मनगट मोडलं.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि चाळीस दिवस हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. तो अकोल्याला आईकडे आला. पार्बताबाईंनी त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, आणि बोलल्या फार थोडं. बोलल्या ते एवढंच:

"तुह्या बापाले चाकानं नेलं. तुहा हात गेला तं तू काय करशीन? वाकस धरायचा, लाकूड तासायचा हात हाय तो."

"नाही चढत माय आता."

"माह्या गळ्याची आन घे."

त्यानं डाव्या हातानं आण घेतली.

मुलांनी आईला दिलेली वचनं किती टिकतात, हे मला आता माझ्या घरात दिसतं. देवीदास खोटा नव्हता. त्या दिवशी त्याला खरंच वाटलं होतं की आपण सोडलं. पण हात बांधलेला आणि वेळ मोकळा, तेव्हा तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं बघत राहिला. आणि बघता बघता त्याला आपली चूक सापडली. बैलगाडीची दोन चाकं शेजारी शेजारी असतात. ती आडवी होऊच शकत नाही. तिला सरळ धरून ठेवणारी चाकोरी सोयीची. त्याच्या गाडीला शेजारचं चाक नाही. ती जरा डावीकडे, जरा उजवीकडे अशी सारखी हलत राहिली तरच उभी राहणार, आणि चाकोरी तिला तेवढंच करू देत नाही. एवढी साधी गोष्ट चाकं करणाऱ्याच्या लक्षात यायला हात मोडावा लागला.

हात जुळला. वैद्यानं मूठ वळवून घेतली, उघडून घेतली. पौषात देवीदास अमरावतीला परतला. पंधरा दिवस त्यानं त्या गाडीकडे पाहिलंही नाही. सोळाव्या दिवशी पहाटे ती बाहेर काढून तो थेट बडनेऱ्याच्या पक्क्या सडकेवर गेला. खडी दाबलेली, सपाट सडक. तिथे चाकाला हवं तसं हलायला जागा होती. त्या दिवशी तो पडला नाही.

पुढे रोज पहाटे थोडं थोडं. आधी पहिल्या पुलापर्यंत, मग लिंबाच्या झाडांपर्यंत. चढावर पुढे वाकायचं, उतारावर पाय दांड्यांवरून उचलून घ्यायचे, नजर चाकावर न ठेवता लांब सडकेवर ठेवायची, हे त्याचं त्यालाच कळत गेलं. एक अडचण राहिली. समोरून येणारे बैल बुजायचे. बिनबैलाचं चाक अंगावर येताना बघून एका जोडीनं जू झुगारलं आणि गाडीवान दगड घेऊन धावला. मग देवीदासनं बैलाची एक जुनी घुंगरमाळ आणून पुढच्या, हातानं धरायच्या दांडीला बांधली. ओळखीचा आवाज ऐकून बैल निवायला लागले. गाडीवान तेवढे निवायचे राहिले.

"आला पाहा! सोताच्याच गळ्यात घुंगरं बांधून आला!"

"बांधली तं बांधली, तुह्यावानी लाथा तं नाही झाडत!"

लांबचा फेरा मात्र त्याला एकाच दिवशी जमायचा, अमावस्येला. सुतारांची सुट्टी अमावस्येची. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. माघातल्या अमावस्येला तो पहिल्यांदा बडनेऱ्यापर्यंत तीन कोस गेला, स्टेशनासमोर गूळ-फुटाणे खाल्ले आणि परत आला. रात्री पाय इतके दुखत होते की झोप लागेना, आणि तरी तो अंधारात एकटाच हसत होता, असं तो पुढे सांगायचा. आईला काय सांगायचं, हा विचार मात्र रोज सकाळी डोक्यात असायचाच.

आईला नत्थुजींनी सांगितलं. त्यांचं काही काम निघून ते अकोल्याला गेले होते. देवीदासनं त्यांच्याबरोबर आईसाठी तुरीची डाळ पाठवली होती. डाळ देऊन, पाणी पिऊन ते कौतुकानं म्हणाले, "तुमचं पोट्टं तं बडनेऱ्यापावतर जाते, पार्बताबाई! आता दर अवसेले जाईन म्हनते."

पार्बताबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"कशावर जाते?"

नत्थुजींना तेव्हा कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

मोडलेला हात, चाक, आणि दिवस कोणता तर अमावस्या! अमावस्येला पार्बताबाई नदीपलीकडे जात नसत. लेकीला सासरी धाडायची झाली तरी अवस टाळून धाडत. त्या तीन रात्री झोपल्या नाहीत. जमुनानं समजावलं, "माय, अवस होऊन जाऊ दे, मंग जा." पण अवस झाल्यावर जाऊन काय उपयोग? त्याला अडवायचं तर त्याच दिवशी. फाल्गुनातल्या अमावस्येला, ज्या दिवशी त्या कधी उंबरा ओलांडून लांब गेल्या नव्हत्या, त्या दिवशी त्या आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसल्या. डब्यातल्या बायकांनी विचारलं, कुठे निघालात? त्या म्हणाल्या, "पोराले आनाले." पुढे बोलल्या नाहीत. डब्याखाली चाकं वाजत होती.

बडनेऱ्याला उतरल्या तर स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. तिथे नत्थुजी गाडी रिकामी करून परत निघायच्या तयारीत होते. त्यांना पाहून नत्थुजींचा चेहरा उतरला.

"पार्बताबाई, तुमी? अन् आज अवसेच्या दिवशी?"

"माहं पोरगं कुठी हाय?"

"येतच असन. बसा गाडीत, रस्त्यात भेटन."

त्या गाडीत बसल्या. कोसभर गेल्यावर समोरून भरलेल्या गाड्या येऊ लागल्या, एकामागे एक. आणि त्यांच्या शेजारून, सडकेच्या कडेनं, मुलगा येताना दिसला. पार्बताबाई उठून उभ्या राहिल्या आणि नत्थुजींनी त्यांना दंड धरून खाली बसवलं. 

तेवढ्यात रांगेतल्या एका गाडीचे नवे बैल बुजले. गाडी तिरपी होऊन थेट देवीदासच्या अंगावर आली. एका बाजूला भरलेल्या गाडीचं चाक आणि दुसऱ्या बाजूला खोल नाली. पार्बताबाईंनी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते, असं त्या नंतर म्हणायच्या, पण मिटले गेले नाहीत. म्हणून त्यांनी सगळं पाहिलं. देवीदास घाबरला नाही. त्यानं पाय उचलले, अंग नालीकडे कलतं केलं, आणि आपल्या दोनचाकी गाडीसकट उतारानं खाली गेला. खाली पोचताच एक पाय टेकून तो उभा राहिला. डोक्याचं मुंडासं सोडून चाकांवर टाकलं, म्हणजे बैलांना ती वस्तू दिसू नये. मग वर येऊन त्यानं बुजलेल्या बैलाची वेसण धरली. उजव्या हातानं धरली. बैल हिसके देत होता आणि तो हात हलत नव्हता.

बैल शांत झाले. गाडीवानानं दोन शिव्या दिल्या, मग तंबाखू दिली. मग देवीदासला आई दिसली.

"माय?"

"इकडे ये."

तो गाडीजवळ आला. मान खाली.

"हात दाखव."

पार्बताबाईंनी त्याचं मनगट दोन्ही हातांत घेऊन दाबलं, वळवलं, बोटं एकेक करून ओढली. जिथे हाड मोडलं होतं तिथे अंगठा रोवून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो कळवळला नाही.

"आन मोडली तू माह्या गळ्याची."

"हो माय."

"अन् मी जित्तीच हाय." हे त्यांनी जरा नवलानंच म्हटल्यासारखं वाटलं. मग म्हणाल्या, "हे अस्संच उतरता येते तुले? दरवेळी?"

"आता येते."

"अन् आंधी?"

"आंधी पडत होतो."

पार्बताबाई नालीतल्या त्या मुंडासं पांघरलेल्या वस्तूकडे बघत राहिल्या. तीन रात्री त्यांनी मनात मुलाला पडताना पाहिलं होतं, दर वेळी नव्या जागी. खरं पाहणं त्याच्यापुढे काहीच नव्हतं. आईच्या डोक्यातली सडक नेहमी खऱ्या सडकेपेक्षा वाईट असते.

"जा, आन ते वर," त्या म्हणाल्या. "गाडीच्या संग चाल. पुढे पळवाचं नाही. मले दिसत राह्य."

देवीदास वळून अमरावतीकडे निघाला. बैलाच्या चालीनं ती गाडी चालवणं हे सगळ्यात अवघड काम. वेग नसला की चाक डुगडुगतं. तो पाय जपून मारत होता, सारखा तोल सावरत होता, आणि नत्थुजी बसल्या जागेवरून टोमणे मारत होते.

"काय गा, थकला का बैल? पाठीत काडी घालू?"

"नत्थुजी, तुमीच सांगितलं ना मायले?"

"मी तं डाळ द्याले गेलतो बाप्पा!"

पार्बताबाई हसल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. नत्थुजींनी मागे वळून पाहिलं. रिकाम्या पोत्यांवर डोकं टेकून त्या गाढ झोपल्या होत्या. गाडी खड्ड्यातून गेली, चाकं कुरकुरली, तरी त्या हलल्या नाहीत.

नत्थुजी हळूच म्हणाले, "झोपली म्हातारी. जाय आता, पळव."

समोर सडक मोकळी होती. देवीदासनं तिच्याकडे एकदा पाहिलं.

"नाही. डोये उघडले अन् मी दिसलो नाही तं?"

आणि तो घामाघूम होत, दर दहा हातांवर तोल सावरत, अमरावतीच्या वेशीपर्यंत गाडीच्या चाकाशेजारून चालवत राहिला.