आईची वाक्यं, माझी कार्डं

मी दीड वर्षाची असताना वडील गेले. आई त्यांच्याबद्दल कधी बोलायची नाही. विचारलं, की म्हशींकडे बघायला उठून जायची. शेवटी ती बोलली ती माझ्या प्रबंधासाठी, आणि तेव्हाही ते माझ्या ध्यानात आलं नाही.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात भाषाविज्ञानाचं संशोधन करत होते. विषय भलताच रुबाबदार: वाक्यरचनेचे नियम व्याकरणाने सांभाळायचे, तर मग शब्दकोशात प्रत्येक क्रियापदाची माहिती कशी मांडायची? एका क्रियापदाला एक कार्ड. 'देणे' म्हटलं की देणारा, घेणारा आणि वस्तू, एवढं लागतंच. कुठे, कधी, कशासाठी हे तर कुठल्याही क्रियापदाला जोडता येतं, म्हणून ते कार्डावर नको. नावं, नाती तर नकोतच; 'तो', 'ती' पुरे. चपलांच्या दुकानातून मागून आणलेली खोकी मी अशा कार्डांनी भरत होते आणि स्वतःवर जाम खूश होते.

उदाहरणं आई द्यायची. दुपारी ती शेंगा फोडायला बसली, की मी शेजारी वही घेऊन बसायचे. एकदा 'टाकणे' विचारलं.

"लगीन झाल्यावर जोतिबाला चालत गेलतो," आई म्हणाली. "ऊन म्हंजे लई. तुझ्या बानं पटका सोडला आन् माझ्या डोईवर टाकला. सोता तसाच बोडका चालला की!"

मी कार्डावर लिहिलं: त्याने तिच्यावर कापड टाकले. आणि मोठ्या तोऱ्यात तिला वाचून दाखवलं.

"आन् ऊन कुठं गेलं गं?"

"उन्हाची जबाबदारी शब्दकोशावर नसते, आई."

"मग कुनावर असती?"

मी हसले. ती हसली नाही. त्या दिवसापासून ती मला सोयीची वाक्यं द्यायला लागली, आखूड, कार्डावर बसतील अशी. काम झपाझप उरकलं. कच्च्या वह्या मी रद्दीत घातल्या. एवढी शिकले, पण अक्कल नावाला नव्हती.

आई गेल्यावर खोकी पुन्हा खाली काढली. वडील त्यांत कुठेतरी आहेत, एवढं मला ठाऊक होतं. त्याने दार लोटले. त्याने तिला हाक मारली. त्याने पाणी मागितले. यांतले माझे वडील कोणते आणि शेजारचे काका कोणते? मला आईचं ते ऐसपैस, फाटे फुटत जाणारं बोलणं हवंय. वडिलांना मी पाहिलेलं आठवत नाही, आणि जे ऐकायला मिळत होतं ते मीच माझ्या हाताने छाटलं. याचा राग अजून जात नाही.

'उचलणे'चं कार्ड मी वेगळं काढून ठेवलंय. अक्षर माझंच, नीटनेटकं. त्याने मुलीला उचलले. ती मुलगी मी होते का, हे सांगायला आता कोणी नाही.