गिरणीवाल्या तात्यांचं दुखणं

सुरुवातीलाच माफी मागतो. माणसाविषयी लिहायचं तर तो माणूस कळलेला असावा लागतो, आणि थोडी भाषाही यावी लागते. माझ्याकडे दोन्ही बेताचंच आहे. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे मी लिहिलेलं बरं की वाईट हे सांगणारंही कोणी नाही. तरी लिहितो. तात्यांवर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

तात्या बोलण्याआधी दोन बोटं भुवयांच्या मधे दाबायचे. आत कोणी दार लावून बसलंय आणि ते ढकलून बघताहेत, असं वाटायचं. मग म्हणायचे, "हां, आता बोला."

बारामतीत शिकत असताना मी त्यांच्या पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत राहायचो. माझं गाव नरसिंहपूर, इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला. तात्या कऱ्हाटीचे. त्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, पुढे शेती आली, आणि तात्यांनी बारामतीत येऊन गिरणी घातली. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. "ए कॉलेज," अशी हाक मारायचे. कॉलेजात जातो म्हणजे मला सगळं कळत असणार, अशी त्यांची समजूत होती. ती खोटी आहे हे मला माहीत होतं आणि त्याची मला कायम धास्ती वाटायची.

आमच्या गल्लीत विरजण मागावं तशा गोळ्या मागितल्या जायच्या. तुमच्याही गल्लीत हे तुम्ही पाहिलं असेल. तात्यांच्या गिरणीत फळीवर चहाचा एक रिकामा डबा होता. ताप असो, खोकला असो, बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या त्या डब्यात पडायच्या. पुढे ज्याला गरज लागेल त्याच्या हातावर त्या दळणाबरोबर जायच्या. तात्यांचा नियम ठरलेला. "गुन आला की गोळी बंद. उरलेली दुसऱ्याच्या कामी येतीय."

त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं असायचं. पण थंडी सरता सरता त्यांना जी सर्दी झाली ती वेगळीच होती. दळणाचा डबा उचलायला वाकले की कपाळ फुटतंय असं व्हायचं. दात दुखायचे. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, सुंठ उगाळून कपाळाला लेप दिला. ओव्याच्या पाण्याची वाफ सुरू झाली. तात्या घोंगडं पांघरून बसायचे आणि आतून आवाज यायचा, "ए कॉलेज, जिता हाय का बघ रं मी!" आम्ही हसायचो. काकू हसायच्या नाहीत.

ताप चढला तेव्हा मी त्यांच्याबरोबर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "इथं हवा असते, ही जागा काळी दिसायला हवी. ही बघा, पांढरी आहे."

"पीठ बसलं आसंल," तात्या म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. आत पू साठलाय, म्हणाले. नाकात घालायचे थेंब दिले आणि कॅप्सूल दिल्या. थेंब थोडेच दिवस घाला, पण कॅप्सूल संपेपर्यंत घ्या, मधे सोडू नका, असं बजावलं. एवढ्यानं उतरलं नाही तर नाकातून सुई घालून आतली पोकळी धुवावी लागेल. सुई म्हटल्यावर तात्यांनी माझा हात घट्ट धरला तो रस्त्यावर आल्यावरच सोडला.

कॅप्सूलनी गुण आला. कपाळ हलकं झालं, ताप गेला. आणि एका सकाळी मी पाहिलं तर तात्या उरलेल्या कॅप्सूल शेजारच्या म्हातारीच्या पदरात घालत होते. तिची दाढ सुजली होती.

"तात्या, डॉक्टरांनी सगळ्या संपवायला सांगितल्यात," मी म्हणालो.

"आरं, तिचं ठनकतंय, माझं थांबलंय. ठिवून काय लोनचं घालू?"

"पण ते म्हणाले होते—"

"डॉक्टरनं सगळ्यांनाच तसं सांगायचं आसतं, बाबा."

म्हातारी तोवर आशीर्वाद देत घरी पोचली होती.

दुखणं परत आलं ते दुप्पट होऊन. थंडी वाजून ताप आला, आणि एका सकाळी उजव्या डोळ्याची पापणी एवढी सुजली की डोळा दिसेना. डॉक्टरांनी ती बोटांनी उघडून पाहिली आणि त्यांचा आवाजच बदलला. पू डोळ्याच्या खोबणीकडे सरकलाय, म्हणाले. आता गोळ्यांचं काम नाही, सलाईनमधून औषध द्यावं लागेल, बहुतेक ऑपरेशनही. "पुण्याला न्या. आजच."

गिरणीत परतलो तर कऱ्हाटीहून तात्यांचे मामा आलेले. त्यांनी स्टोव्हवर विळा तापत ठेवला होता. कपाळाला डाग द्यायचा, म्हणजे तापलेलं लोखंड टेकवायचं.

"मेंढरांना ह्योच, आमालाबी ह्योच," मामा म्हणाले. "डोस्कं उठलं की डाग. पुन्याला नाकातनं हाड फोडत्यात म्हनं. डोळाबी काढून ठिवत्याल."

काकू पदर तोंडाला धरून उभ्या होत्या. स्टोव्ह भरभरत होता. तात्यांनी चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"कॉलेज, तू सांग. काय करू?"

मी इतिहास घेऊन बी.ए. करत होतो. घरात आजवर मला कोणी, भाजी कोणती करू, असंसुद्धा विचारलं नव्हतं. मला डॉक्टरांचा बदललेला आवाज तेवढा आठवला.

"पुण्याला जा, तात्या."

"आन तितं काय इपरीत झालं तर?" मामा माझ्यावर उखडले. "तू येनार हिला तोंड दावायला?"

"त्या पोराला कशाला दरडावतुयास, मामा?" तात्या भिंतीला धरून उठले. "त्यो इळा गार कर आन जाऊन कडबा काप. मी निघालो."

शेजाऱ्याची जीप आली. काकू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या. गिरणीला कुलूप लागलं.

माझी परीक्षा तोंडावर होती. पुस्तक उघडलं की मामांचा प्रश्न समोर यायचा. गल्लीत रोज नवी बातमी. कोणी म्हणे डोळा काढला, कोणी म्हणे माणूसच राहिला नाही. शेवटचा पेपर झाल्यावर मी कऱ्हाटीला गेलो. घरी तात्यांची आई एकटीच होती. "पुन्यालाच हायेत समदी. मला कोन सांगतंय?" म्हणाली आणि मलाच विचारू लागली, "तुला काय कळलं का रं?"

उन्हाळ्यात मी नरसिंहपूरला होतो. काही कामानं इंदापूरला गेलो की स्टँडवर बारामतीच्या गाडीतून उतरणाऱ्यांत ओळखीचं तोंड शोधायचो. एकही सापडलं नाही.

कॉलेज उघडलं तेव्हा बॅग घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलो आणि गिरणीचा आवाज कानावर पडला. मी पळतच गेलो. आत पिठाच्या धुरळ्यात, तोंडाला फडकं बांधलेलं कोणीतरी पाठमोरं उभं होतं.

"तात्या!"

वळल्या त्या काकू होत्या. त्यांनी गिरणी बंद केली आणि फडकं खाली ओढलं.

"कऱ्हाटीला आसत्यात," त्या म्हणाल्या. "पिठात जायचं न्हाय म्हनून डॉक्टरनं सांगितलंय. तू धाडलंस ते बरं झालं, बाळा. आनखी येळ केला आसता तर मेंदूत गेलं आसतं म्हनले."

मला पुढचं विचारवत नव्हतं. तरी विचारलं, "आणि डोळा?"

काकू हातावरचं पीठ झटकत राहिल्या.

"डोळा हाय जागेवर," त्या म्हणाल्या. "उजेड न्हाय त्यात."