शब्द देणाऱ्या बाई

आमच्या एकांकिका मंडळात ‘शब्द देणे’ या क्रियापदाला एक ठरलेला अर्थ आहे. रंगमंचावरील नट वाक्य विसरला, तर विंगेत बसलेली व्यक्ती पुढचे दोन-तीन शब्द त्याला हलक्या आवाजात पुरवते; त्यास आम्ही शब्द देणे म्हणतो. मंडळाबाहेर याच क्रियापदाचा अर्थ वचन देणे असा होतो. ज्या बाईंविषयी मी लिहीत आहे, त्यांनी एकोणीस वर्षे पहिल्या अर्थाने शब्द दिले. दुसऱ्या अर्थाने त्यांना दिलेला एक शब्द मात्र मोडला गेला. मी मंडळाचा चिटणीस. जे घडले ते माझ्यासमोर घडले आणि त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवणे मला भाग आहे.

मंडळाचे काम मर्यादित आहे. हयात लेखकांच्या, पूर्वी कोठेही न झालेल्या एकांकिका आम्ही आधी वाचतो, त्यांतील निवडक बसवतो आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांसह अर्धा तास त्यांचे रसग्रहण करतो. सभागृह म्हणजे वाचनालयाचा वरचा मजला. खुर्च्या एकशे दहा. त्यांपैकी चार डुगडुगतात, त्या मी मागच्या रांगेत ठेवतो.

बाई टेलिफोन केंद्रातून निवृत्त होऊन आमच्याकडे आल्या. सगळे त्यांना कुजबुजबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. पहिल्यांदा हे नाव कानी पडले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “नावं ठेवायची तर आणखी हळू ठेवा, मला फार लांबचं ऐकू येतं.” विंगेत त्यांचे एक बिनपाठीचे स्टूल असे, मांडीवर संहिता आणि हातात शिसपेन्सिल. संहितेत जेथे विराम लिहिलेला असेल तेथे त्या शून्य काढत. तालमीत नट जेथे विसरला असेल तेथे फुली मारत. प्रयोगाच्या वेळी नट गप्प झाला की शून्य कोणते आणि फुली कोणती हे त्यांना क्षणात कळे. विरामात नटाचा श्वास चालू असतो, विसर पडला की तो अडकतो, असे त्यांचे म्हणणे. या बाबतीत त्या कधी चुकल्याचे मला स्मरत नाही.

नव्या लेखकांना त्यांच्या अभिप्रायाची धास्ती वाटे आणि ओढही. “नवं नाटक म्हणजे नवं घर,” त्या म्हणत. “आधी सगळे नळ सोडून बघावेत, भिंतीच्या रंगाचं कौतुक मग.” एका गृहस्थांना त्यांनी सांगितले होते, “तुमचं नाटक चौथ्या पानावर संपलं. पुढची तीन पानं तुम्ही दारात उभं राहून निरोप घेताय.” गृहस्थ आठवडाभर रुसले, मग तीन पाने काढून घेऊन आले. प्रयोग उत्तम झाला.

अशा लेखकांत त्यांचा सर्वांत लाडका होता कंपाउंडर. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा हा पस्तिशीचा माणूस खोक्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर नाटके लिही. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्याचे अक्षर त्यांच्यासारखेच झाले होते आणि ते फक्त बाईंना लागत असे. त्याच्या पहिल्या दोन एकांकिकांच्या स्वच्छ प्रती बाईंनीच केल्या. तो त्यांना मावशी म्हणे.

“मावशी, विराम आणि विसर यांतला फरक तुम्ही शिकलात कुठे?” एकदा तालमीनंतर, चहा यायचा होता तेव्हा, त्याने विचारले. मी तेथे नव्हतो. पुढचे बाईंनी मला सांगितले, तेही सर्व घडून गेल्यावर.

त्या म्हणाल्या, “टेलिफोनवर. समोरचा गप्प झाला की तो रडतोय, आठवतोय की फोन ठेवून गेलाय, हे श्वासावरून ओळखावं लागायचं.” आणि मग, कोणाजवळ कधीही न बोललेली एक गोष्ट त्यांनी त्याला सांगितली.

चाळीस वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळले होते. धाकटी बहीण लग्न होऊन परगावी गेलेली. आठ महिने ती आली नाही; पत्रे मात्र येत, ‘बाबांना जप’ अशी. वडिलांचे सगळे बाईंनी एकटीने केले, नोकरी सांभाळून. एके दुपारी त्या केंद्रात कामावर असताना बाहेरगावचा फोन आला. बहिणीने घरचा नंबर मागितला आणि आवाज ओळखून विचारले, “ताई, तूच ना? बाबांना दे ना जरा.” लाइन मोकळी होती. बाईंनी कामाच्या आवाजात सांगितले, “नंबर एंगेज आहे. थोड्या वेळाने बघा.” तिसऱ्या दिवशी वडील गेले.

बहीण त्यानंतर चाळीस वर्षे म्हणत आली, “त्या दिवशी नंबर लागला असता तर बाबांशी बोलले असते गं.” आपण ‘ताई, तूच ना?’ असे विचारले होते, हे मात्र ती कधी बोलली नाही. आपण कोणा परक्या बाईला ताई समजलो, असे तिला वाटत असावे. तो प्रश्न ठाऊक असणारी माणसे जगात दोनच होती. आता कंपाउंडर तिसरा झाला.

“हे माझ्याजवळच राहील मावशी,” तो म्हणाला. “शब्द देतो.”

“माझ्यासारखा देऊ नकोस,” बाई म्हणाल्या. “मी दिलेला शब्द सगळ्यांना ऐकू जातो.” दोघेही हसले होते, असे त्यांनी मला सांगितले.

पाच महिन्यांनी त्याने नवी एकांकिका आणली. टेलिफोन केंद्रात एकटी बसलेली एक बाई आणि तिला ऐकू येणारे आवाज: कोणाला दवाखाना हवा, कोणाला भांडायला सासरा हवा, एका म्हाताऱ्याला नुसतेच बोलायचे आहे. फार गमतीची होती. बाई हरखून गेल्या. केंद्रातल्या बायका कशा बसत, जोडणी तोडायला प्लग कसा ओढत, हे त्यांनी मुख्य भूमिका करणाऱ्या, शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना स्वतः शिकवले. “माझी नोकरी कुणी नाटकात घालेल असं वाटलं नव्हतं,” त्या मला म्हणाल्या आणि बहिणीला फोन करून निमंत्रण दिले: “ये गं, मी काय काम करायचे ते एकदा बघ तरी.”

आमच्या मंडळाचा एक नियम आहे: प्रयोगाच्या आठ दिवस आधी संपूर्ण संहिता शब्द देणाऱ्याच्या हाती पडली पाहिजे. कंपाउंडरने बावीस पाने दिली. तेविसावे, म्हणजे शेवटचे पान राहिले.

“शेवट अजून घोटतोय, चिटणीस,” तो म्हणाला. “चित्रकलेच्या बाईंबरोबर मी घरी वेगळ्या तालमी घेतोय. प्रयोगाच्या दिवशी पान नक्की.”

मी नियम वाकवला. आयुष्यात फार थोडे नियम मी वाकवले आहेत, आणि प्रत्येक वेळी तो मनुष्य हुशार आहे म्हणून.

प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता होता. बहीण सकाळच्या गाडीने आली. ठेंगणी, हसतमुख, पिशवीत बाईंसाठी विणलेला स्वेटर. तिला मी तिसऱ्या रांगेत, न डुगडुगणाऱ्या खुर्चीवर बसवले. तिसरी घंटा झाली तेव्हा कंपाउंडरने घडी घातलेले पान बाईंच्या हाती दिले. पडदा वर जात होता. ते वाचायला त्यांना वेळ नव्हता. मी घड्याळ घेऊन त्यांच्या मागे उभा होतो.

पस्तीस मिनिटे प्रेक्षक हसत होते. मग बाईंनी पान उलगडले. तेविसाव्या पानावरचे अक्षर मला लागत नव्हते, त्यांना लागत होते. त्यांची पेन्सिल हातातून गळाली आणि त्यांनी ती उचलली नाही. तेवढ्यात दुसऱ्या विंगेतून आवाज आला, “ताई, तूच ना? बाबांना दे ना जरा.”

आता चित्रकलेच्या बाईंचे वाक्य होते. त्या गप्प राहिल्या. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. श्वास अडकला होता. त्यांनी मान किंचित आमच्या बाजूला वळवली. एकोणीस वर्षांत अशा वळलेल्या मानेला बाईंनी शब्द दिला नाही असे झाले नव्हते. त्यांचे बोट पानावरच्या एका ओळीवर होते. ओठ मिटलेले होते.

“बाई,” मी कुजबुजलो, “विसरल्या आहेत.”

“कळतंय,” त्या म्हणाल्या.

माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा सेकंद झाले. शेवटी चित्रकलेच्या बाईंनी, दुसरे काही सुचेना म्हणून, प्लग हळूच उपसून काढला आणि हात मांडीवर ठेवले. दिवेवाल्याने काळोख केला. टाळ्या थांबेनात.

रसग्रहणाला प्रेक्षकांतले एक निवृत्त प्राध्यापक सर्वांत आधी उठले. “त्या शेवटच्या मौनाने नाटक कुठल्या कुठे नेऊन ठेवलं. एक शब्द असता तरी सगळं नासलं असतं. लेखकाचं अभिनंदन.”

कंपाउंडर उभा राहिला. विंगेकडे त्याने एकदा पाहिले. मग म्हणाला, “तिथे आधी एक वाक्य होतं, सर. शेवटच्या क्षणी मला वाटलं, विराम हवा.”

चित्रकलेच्या बाईंनी मान खाली घातली. मी विंगेतच होतो. मीही काही बोललो नाही.

तिसऱ्या रांगेतून बहीण उठली. “मला नाटकातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. “फक्त एक विचारते. ते वाक्य ‘नंबर एंगेज आहे’ असं होतं का?”

कोणीतरी हसले. प्राध्यापक कौतुकाने म्हणाले, “अगदी सामान्य प्रेक्षकालासुद्धा न उच्चारलेलं वाक्य ऐकू आलं, बघा.”

तेव्हा बाई स्टुलावरून उठल्या आणि रंगमंचावर आल्या. एकोणीस वर्षांत प्रेक्षकांनी त्यांना प्रथमच पाहिले. त्या प्रकाशात डोळे बारीक करून म्हणाल्या, “होतं. मी दिलं नाही.”

“आणि तेव्हा?” बहिणीने विचारले.

“तेव्हा दिलं.”

“नंबर एंगेज होता का गं?”

“नव्हता.”

सभागृहातल्या लोकांना हा रसग्रहणाचाच भाग वाटला असावा. दोघे-तिघे वहीत काही टिपून घेत होते. बहिणीने खाली वाकून पिशवी उचलली. स्वेटर बाहेर काढला, खुर्चीवर नीट घडी करून ठेवला आणि ती जिना उतरून गेली. बाई तिच्या मागे धावल्या नाहीत. कंपाउंडर त्यांच्याजवळ आला.

“मावशी, मी नाव कुठे घातलंय? कुणाला कळणार होतं?”

“जिला कळायला नको होतं तिला,” बाई म्हणाल्या. “तू लपवलंस म्हणजे तुलाही ते ठाऊक होतं. नाहीतर पान घडी घालून का दिलंस?”

“इतकं चांगलं होतं हो ते. मला सोडवेना.”

“हो,” त्या म्हणाल्या. “चांगलंच होतं.” एवढ्या रागातही खोटा अभिप्राय त्यांच्याने देववला नाही.

त्यानंतर त्या मंडळात आल्या नाहीत. एकांकिकेचे पुढे नऊ प्रयोग झाले आणि ती छापलीही गेली. शेवटच्या पानावर छापले आहे: ‘दीर्घ विराम.’ अर्पणपत्रिकेत ‘मावशीस’. कंपाउंडरने एक प्रत माझ्या हाती बाईंसाठी पाठवली. स्वतः जायला तो धजला नाही.

मी ती घेऊन गेलो तेव्हा बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. अंगात तो स्वेटर होता. शेजारी टेलिफोन.

“दर रविवारी दहाला तिचा फोन यायचा,” त्या म्हणाल्या. “आता मी लावते. ती उचलते. बोलत नाही, पण ठेवतही नाही.”

“श्वास ऐकू येतो?”

“येतो. पण चिटणीस, हे शून्य की फुली, मला सांगता येत नाही. या एकाच माणसाचं सांगता येत नाही.”

मी पुस्तक पुढे केले. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मी तोवर बसून होतो. मधे दोनदा त्या हसल्या. शेवटच्या पानावर त्यांनी पेन्सिल मागितली, ‘दीर्घ विराम’ या शब्दांवर एक स्वच्छ फुली मारली आणि पुस्तक मला परत दिले.

दारापर्यंत त्या मला पोचवायला आल्या. “पान तेवीस आठ दिवस आधी माझ्या हातात आलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर मी धाकटीला बोलावलं नसतं. नियम तुमचाच होता ना?”

“माझाच.”

“मग?”

त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या, मला पुढचा शब्द देतील अशा. आणि मग त्यांनी दार लावून घेतले.