उन्हातली सांजवात

निवृत्तीनंतर वडील संध्याकाळी घरी असतील, या एका गोष्टीची आईने संसारभर वाट पाहिली होती. वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. पाळ्या सतत बदलत; दिवेलागणीला एक तर ते कामावर असत, नाही तर पहाटपाळीने थकून किंवा रातपाळीसाठी झोपलेले. आई उमरेडच्या विणकर घरातली. तिच्या माहेरी सांजवात लागली की माग थांबत, सगळे दिव्यापुढे हात जोडत आणि मग निवांत बोलत बसत. ती बैठक तिला सासरी कधी लाभली नाही.

वडील निवृत्त झाले, आम्ही नागपुरात आलो. काही महिने ती बैठक जमली. मग वडील नेमके त्याच वेळी पेंगू लागले.

"उठा ना जी! दिवेलागणीले कोनी झोपते का? लक्ष्मी दारातून वापस जाईन."

"झोपलो कुठी? डोये मिटून आइकून राहिलो."

"काय आइकलं, सांगा बरं?"

"हेच, का मी झोपलो म्हून."

आई हसे, चहा देई, डोळ्यांना पाणी लावायला सांगे. पण रात्री कितीही उशिरा झोपले तरी वडिलांना पहाटेआधीच जाग येई, आणि दिवसभर ते विझल्यासारखे वावरत. आईचा हिशेब साधा होता. "बॉयलरची झोप हाय वं थे. जलमभर जागले. एकदाची भरून निघाली का बसतीन माह्यासंग."

मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. संशोधनात जायचे ठरले होते आणि चुकीचे निदान माझ्याने ऐकवत नसे. मी तिला समजावले: ही थकबाकी नव्हे. शरीराला स्वतःचे घड्याळ असते. वय वाढते तसे ते पुढे सरकते. झोप अलीकडे येते, जागही अलीकडे. त्यांना झोपू दे.

"मंग थे घड्याळ मांगं कधी येईन?"

"नाही येत, आई."

दुसऱ्या दिवसापासून तिने त्यांना उठवणे सोडले. वडिलांच्या चेहऱ्यावर तजेला आला. माझे निदान अचूक ठरले.

पुढे संशोधनासाठी मी गाव सोडले. यंदा सुटीत आले तेव्हा अंगणात ऊन होते, आणि आई वात वळत होती. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "काहून वं बाई, दिवसाढवळ्या दिवा?"

"आमच्या घरी सांज लवकर होते."

आईने दिवा लावला. शेजारी बसलेल्या वडिलांनी हात जोडले. संत्री यंदा बारीक आहेत, असे काहीसे बोलले आणि वाक्य पुरे होण्याआधीच मान कलली. आईने त्यांच्या अंगावर चादर ओढली.

"थे घड्याळ आनखी किती पुढं जाईन वं?" तिने मला विचारले.

उन्हात ज्योत दिसत नव्हती. दिवा लागलेला आहे की नाही हे पाहायला आईने त्यावर तळहात धरला.