पारगावची पुरी-भाजी

फेब्रुवारी संपत आला होता. आणे गावच्या पठाराजवळचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा, हे कधीचं ठरलेलं. मिलिंद, माझा कॉलेजपासूनचा मित्र, म्हणाला, "वाटेत पारगावला ऊसतोड कामगारांच्या कोप्या आहेत. हंगाम संपताना त्यांच्याकडचं धान्य सरत येतं. जेवण देऊन पुढे जाऊ." मला कल्पना फार आवडली. ब्लॉगसाठीही.

पुण्याहून सहाला निघालात तर नाशिक हायवे मोकळा मिळतो. मंचरला मिसळ खाल्ली, झणझणीत आणि स्वस्त. तिथल्याच केटररकडून साठ माणसांची पुरी आणि बटाट्याची रस्साभाजी गरमगरम पिशव्यांत बांधून घेतली.

पारगावला उसाच्या पाचटाच्या कोप्या रांगेने उभ्या. माणसं मात्र नाहीत. एक आजी चार-पाच पोरं सांभाळत बसली होती.

"समदी फडात गेलीत ऊस तोडाया," ती म्हणाली. "दिवस मावळता येत्यात. मी तवर भाकऱ्या थापून ठिवते, म्हंजी आल्याबरुबर खात्यात."

"फडावर नेऊन देऊ," मिलिंद म्हणाला. मी घड्याळ दाखवलं. पुलाचे फोटो दुपारच्या उन्हात चांगले येत नाहीत. पिशव्या आजीच्या कोपीत उतरवल्या आणि ऐटीत म्हणालो, "आज भाकऱ्या थापायच्या नाहीत, आजी. सुट्टी!"

"आता गं बाई! सुट्टी म्हंता?" आजी पदर तोंडाला लावून हसली. पोरांच्या हातात पिशव्या देऊन फोटो काढले.

लोणी, बेल्हे आणि मग आण्याचा घाट. रस्ता आता बरा आहे. पूल खरोखर बघण्यासारखा. पाणी सोबत न्या, सावली नाही. घाटातल्या चहावाल्याने तिथल्या यात्रेतल्या आमटी-भाकरीच्या पंगतींचं वर्णन केलं. मीही आमचं सकाळचं सांगितलं. "लई पुण्याचं काम केलं राव," तो म्हणाला. मी ते आनंदाने ठेवून घेतलं.

परतताना मुद्दाम पारगाववरून आलो. जेवणारी माणसं बघायची होती.

गाडीतून उतरताच आंबूस वास आला. गरम बांधलेली भाजी दिवसभर उन्हाने तापलेल्या कोपीत उबून गेली होती. पुऱ्यांवर तिचा रस्सा सांडलेला. बायाबापड्या नुकत्या परतलेल्या, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. चुली थंड.

"या पावणं, जेवूनच जा!" आजीची सून सुनीता ओरडली. "बैलाम्होरं टाकलं, तर त्यानंबी तोंड फिरवलं. आन् तुमी वो आत्या? दिसभर काय केलं? चार भाकरी न्हाई व्हत तुमच्यानं?"

"चुकलं माजं," आजी खाली बघत म्हणाली. "मलाच वास घ्याया पायजे व्हता."

तिने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. बोलायची वेळ माझी होती. शेवटी मिलिंद म्हणाला, "आजींची चूक नाही. आम्हीच नको म्हणालो होतो." 'आम्हीच' म्हणाला, माझं नाव घेतलं नाही.

"हायवेवरून काही आणू?" मी विचारलं.

"नगं, भाऊ. तवर भाकरी व्हईल." सुनीताने चूल पेटवून परात ओढली. दिवसभर ऊस तोडून तिची बोटं वाकत नव्हती, तरी ती पीठ मळू लागली. तिची मुलगी चुलीच्या धुरात बसल्या जागीच उपाशी झोपली. आम्ही निघालो तेव्हा पहिली भाकरी तव्यावर पडत होती.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. बाजरीचं पीठ, तूरडाळ, तेल न्या. शिजवलेलं नेणार असाल तर माणसं परतल्यावर पोचा, आणि पुढचा काही कार्यक्रम ठेवू नका.

घरी पोचलो तर बायकोने मी पाठवलेले फोटो आधीच बघितले होते. ती कौतुकाने म्हणाली, "जेवले का रे सगळे पोटभर?"

"जेवले," मी म्हणालो, आणि हात धुवायला गेलो. खरं काय झालं ते तिला आता इथेच वाचायला मिळेल.