कुणाचीच नसलेली डुकरं

माझ्या हळदीत डुक्कर आडवं पडलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी सिमेंटची गोणी टाकून गेलंय. मग गोणीने कान हलवला. माझ्या हातात चहाचा कप होता. कप चांगला होता म्हणून फेकला नाही, नुसता चहा फेकला. डुकराने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला. भाडं थकवून वर घरमालकालाच दटावणारे भाडेकरू मी पाहिलेत, त्यांची नजर अगदी अशीच असते.

आमची बिल्डिंग नाहूर पूर्वेला, अगदी कडेची. मागच्या भिंतीपलीकडे मोकळी जमीन, मग नाला, मग खाडीची तिवरं. तळमजल्यावर माझं घर आणि घरामागे भिंतीपर्यंत मातीचा एक पट्टा. घर घेताना बिल्डरशी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "शेठ, तो पट्टा वापरा, पण आता जा." खांद्यावर पिशवी टाकून, नळाचे वॉशर विकत घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पायी फिरलेला माणूस मी. आज नळ-पाइपचं दुकान आहे, पण स्वतःच्या नावावर माती म्हणावी तर एवढीच. तिच्यात आईने मालवणहून पाठवलेलं अळू लावलं, हळद लावली, थोडं आलं. आई आता नाही. अळू आहे.

आणि त्या अळूवर सेक्रेटरींचा डोळा.

सेक्रेटरी मूळचे पार्ल्याचे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या जावयाने मोठी गाडी घेतली आणि ती लावायला आवारात जागा उरली नाही. त्यानंतर लगेच नोटीस बोर्डावर कागद लागला. 'मागील पट्ट्यातील अळू व तत्सम कंदवर्गीय लागवडीमुळे डुकरांचा उपद्रव वाढला असून सदर पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचे योजिले आहे. अंतिम निर्णय पितृपक्षानंतरच्या सभेत.'

मी तडक वर गेलो. "काका, डुक्कर अळूला येतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? अळू कच्चं खाल्लं तर घसा खाजतो. त्याला कळत नाही होय?"

"तुम्ही डुकराचे वकील आहात का?"

"मी अळूचा वकील आहे."

"मग सभेत बाजू मांडा," म्हणाले आणि दार लावून घेतलं. सभेत कोण कोणाच्या बाजूने हात वर करतं ते मला माहीत होतं. माझ्या बाजूने फक्त बायको, आणि तिचाही भरवसा नाही.

म्हणून मी ठरवलं, सभेआधी डुकरंच नाहीशी करायची. कारणच राहिलं नाही तर ब्लॉक कशावर बसवणार?

वॉर्ड ऑफिसात इतके खेटे घातले की शेवटी डुकरं पकडणारी गाडी आली. जाळं घेतलेली माणसं भिंतीपलीकडे उतरली. मीही मागोमाग गेलो, आणि ती जमीन त्या दिवशी नीट पाहिली. कुणीतरी नांगर फिरवून बी पेरायला विसरून गेल्यासारखी दिसत होती. नाल्याच्या काठची माती उकरून पाण्यात ढासळलेली. तिवरांची बोटभर रोपं उपटून पडलेली, त्यांच्या मुळांतले खेकडे खाऊन झालेले. डुकरं लोळून लोळून खड्डे झाले होते, त्यांत पाणी साचलं होतं आणि पाण्यात डासांचे किडे वळवळत होते. उन्हाळ्यात तिथे टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालत आणि दिवसभर भांडल्यासारख्या ओरडत. मला तो आवाज आवडायचा, आपल्या जातीचा वाटायचा. त्या वर्षी तो ऐकूच आला नव्हता. तेव्हा लक्षात आलं नाही, आता आलं. माझ्या पट्ट्याचं जे झालं होतं तेच इथेही झालं होतं, फक्त इथे तक्रार करायला कुणी नव्हतं.

जाळ्यात एक मादी आणि तिची पिल्लं सापडली. तेवढ्यात कुठून कोण जाणे, एक माणूस धावत आला. लाल टी-शर्ट, कानात इअरफोन.

"ओ साहेब, ओ! सोडा, आपला माल आहे तो!"

मी इतका खूश झालो की रागवायचंच विसरलो. एवढे दिवस मी याच माणसाच्या शोधात होतो.

"तुझी आहेत ना? ये बस. माझी हळद गेली, आलं गेलं. त्याचं बोलू."

त्याने एक इअरफोन काढला. "कधी गेली?"

"गेला महिनाभर जातेय."

"मग ती माझी नाहीत. माझी आजच आलीयत इकडे."

"आणि हळद कुणी खाल्ली?"

"ती बेवारशी असणार."

"ही मादी रोज माझ्या हळदीत झोपते! तोंड ओळखतो मी हिचं!"

"शेठ, असं कसं?" तो शांतपणे म्हणाला. "रोज तुमच्याकडे झोपते, तुमच्या बिल्डिंगमधलं खाते. मी तर हिला कधी दाणा टाकला नाही. जो खायला घालतो तो मालक. मग मालक कोण? तुम्हीच सांगा ना."

जाळंवाले हसायला लागले. आयुष्यभर सौदे केले, पण असा तोंडावर पडलो नव्हतो. आमचं भांडण इतकं रंगलं की जाळ्याची दोरी धरलेला माणूसही ऐकायला जवळ आला. मादीला तेवढा वेळ पुरला. पिल्लं तिच्या मागे, लाल टी-शर्ट पिल्लांच्या मागे, आणि मी मोकळ्या जाळ्याशेजारी चिखलात उभा.

पण त्याचं वाक्य डोक्यातून जाईना. जो खायला घालतो तो मालक. मग खायला कोण घालतो?

ते शोधायला लांब जावं लागलं नाही. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या टाकीचा सिमेंटचा ओटा आहे. सगळ्या खिडक्यांना कबुतरांची जाळी लागल्यापासून कावळ्याचं पान तिथेच ठेवतात. आणि देवाचं निर्माल्य, नारळाची शकलं, पूजेची केळी, उरलेला प्रसादाचा शिरा, हे सगळंही तिथेच, ओट्याच्या मागे. ओल्या कचऱ्याच्या डब्यात कुणी टाकत नाही, पवित्र आहे ना! पायाखाली येऊ नये म्हणून लोक पिशवीतून हलक्या हाताने ओततात, वर नमस्कार करतात. भिंतीला खाली पावसाचं पाणी जायला भोक. डुकरं भोकातून आत येत, माझा पट्टा तुडवत ओट्याकडे जात, जेवत, आणि परतताना माझ्या भुसभुशीत मातीत गांडुळं उकरून मुखवास करत. हळदीत झोप काढायची ती पोट भरल्यावर. म्हणजे पंगत सगळ्या बिल्डिंगची आणि उष्टं काढायला मी.

हे सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, "प्रसादाला कचरा म्हणता? शोभत नाही तुम्हाला."

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दाराची बेल वाजली. सेक्रेटरींच्या पत्नी. "वहिनी, थोडी अळूची पानं मिळतील? उद्या ह्यांच्या बाबांचं पान आहे. बाजारातल्या अळूला ती चव नाही हो."

मी आतूनच ओरडलो, "पेव्हर ब्लॉकची भाजी करा म्हणावं!"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर वर धरला. "पितरांवर कसलो राग काढतास?" ती दबक्या आवाजात म्हणाली आणि चांगली मोठी जुडी कापून दिली. वर देठंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी बिल्डिंग ओट्याभोवती जमली. सेक्रेटरींनी सोवळं नेसून पान ठेवलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी आणि मधोमध माझ्या अळूचं फदफदं. कावळे समोरच्या झाडावर बसले होते, पण खाली येईनात. सगळे भुकेले, सगळे हात जोडून. सेक्रेटरी एकेक आश्वासन देऊ लागले. "बाबा, सगळं नीट आहे. पणतीचं शिक्षण होईल. जावयाच्या गाडीलाही जागा होईल, काळजी नसावी." कावळा ढिम्म. मी खिडकीत उभा होतो. मनात म्हटलं, बाबांना पटलेलं दिसत नाही.

तेवढ्यात भिंतीच्या भोकातून ती आली. माझी मादी.

सगळ्यांसमोर ती माझ्या पट्ट्यात शिरली. दोन्ही बाजूंना कमरेएवढं अळू. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाक वर, सरळ ओट्याकडे, लग्नात पंगतीची हाळी ऐकलेल्या पाहुण्यासारखी. निर्माल्याच्या ढिगावर पुढचे पाय टेकले आणि पहिल्याच घासात वडे गेले.

"अहो! अहो, बाबा!" सेक्रेटरींच्या पत्नी किंचाळल्या.

"हाड! हाड!" सेक्रेटरी सोवळं सावरत मागे सरकले. कुणी चप्पल मारली, ती खिरीत पडली. दुसऱ्या मजल्यावरून कुणाचं तरी हसू फुटलं आणि मग ते थांबेना. मादीने पान पुसून स्वच्छ केलं, माझ्या हळदीतून रमतगमत गेली आणि भोकातून बाहेर पडली.

मी बाहेर आलो. खोटं कशाला सांगू, चेहरा गंभीर ठेवायला फार कष्ट पडले.

"काका, सगळ्यांनी पाहिलं ना? अळूतून आली, पण थांबली कुठे?"

सेक्रेटरी सुटलेलं सोवळं खोचू लागले.

"परवा तिचा मालक म्हणाला, जो खायला घालतो तो मालक. आज पान कुणी वाढलं?"

"पुरे!" ते ओरडले. मग घाम पुसून हळू आवाजात म्हणाले, "तुमचं म्हणणं काय आहे?"

हे वाक्य ऐकायला माझे कान टवकारलेलेच असतात. सौदा इथून सुरू होतो. मी तिथेच उभ्या उभ्या मांडणी केली. कावळ्याचं पान गच्चीवर. निर्माल्याला झाकणाचं पिंप. भोकाला लोखंडी जाळी, म्हणजे पाणी जाईल आणि डुक्कर अडेल. जाळी माझ्या दुकानातली, प्लंबर माझा. आणि पट्टा जसा आहे तसा.

"जाळी सोसायटीला भेट?"

"भेट."

"आणि दर पितृपक्षात सगळ्या बिल्डिंगला अळू तुम्ही द्यायचं."

"फुकट?"

"पितरांना बिल लावणार?"

बायको मागे उभी होती, म्हणून मी हो म्हणालो. ही फेरी ते जिंकले, मान्य आहे. पण सभेत पेव्हर ब्लॉकचा विषयच निघाला नाही. तो कागद मात्र बोर्डावर तसाच आहे, अळूवरच्या आरोपासकट. काढा म्हटलं की म्हणतात, टाचणी गंजलीय, निघत नाही. टाचण्यांचा अख्खा डबा नेऊन दिला, तरी नाही.

डुकरं संपली नाहीत, जेवणाचा पत्ता बदलला. खाणं बंद झालं तशी आमच्या मागून हलली आणि नाल्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्या कुणाच्या तरी श्रद्धेवर पोसली जातात म्हणे. पण भिंतीपलीकडे काठची माती धरू लागलीय, तिवरांची रोपं पुन्हा उभी राहिलीत. टिटवीची वाट पाहतोय.

आणि गेल्या महिन्यात दारात लाल टी-शर्ट. "शेठ, तुम्ही खाणं बंद केलं. माझी जनावरं सुकली. लांब जातात, सापडत नाहीत. काहीतरी भरपाई बघा ना."

मी खुर्ची ओढून घेतली. अशी संधी आयुष्यात एकदाच येते.

"तुझी? कुठली तुझी? ती तर बेवारशी."

तो खजील होऊन हसला. मी पट्ट्यात गेलो, चांगली जुडी कापली आणि त्याच्या हातात दिली. "ही घे भरपाई. चिंच घालायला विसरू नको, नाहीतर घसा खाजेल."

त्याने जुडी उलटसुलट करून पाहिली.

"एवढीच?"

आणखी दोन पानं मी कापून दिली. देठं मात्र दिली नाहीत.