आमच्या घरमालकांची न घेतलेली रायफल

तुम्ही कधी एखाद्या माणसाला आयुष्यभर एकच वस्तू निवडताना पाहिलं आहे का, जी तो विकत घेणार नाही आणि घेतलीच तरी कायद्याने तिचा उपयोग करू शकणार नाही? मी पाहिलं आहे. हरणाच्या शिकारीसाठी सगळ्यात योग्य रायफल कोणती आणि तिचा बोर, म्हणजे नळीचं माप, किती असावा, या एका प्रश्नावर आमच्या घरमालकांइतका विचार उभ्या महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी केला नसेल. आणि हरणांना त्यांच्याइतका निरुपद्रवी शिकारीही दुसरा मिळाला नसेल.

चाकणच्या चौकातून आत वळलं की गोदामांच्या रांगेमागे त्यांच्या दहा-बारा भाड्याच्या खोल्या आहेत. त्यांतल्या दोन आमच्या. माझे वडील लातूरकडून आले, कारखान्यात प्रेस शॉपला लागले आणि युनियनमध्ये गेले. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब होते आणि कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे. पत्रकाची घडी कशी घालायची हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. त्यामुळे कोणाला ‘मालक’ म्हणणं मला तत्त्वतः मान्य नव्हतं. मी त्यांना ‘नाना’ म्हणायचे. त्यांचीही काही हरकत नव्हती. ते मला ‘पत्रकवाली’ म्हणायचे.

नानांच्या वडिलांची इथे शेती होती, बैल होते, आणि पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोरची दुनळी बंदूक होती. जमीन कंपन्यांना गेली, बैल बाजारात गेले, वडील गेले. त्यांची म्हणून उरली ती बंदूक. तिच्यात नानांचा जीव होता. पण परवाना होता पीकसंरक्षणाचा, आणि पीक नसेल तर संरक्षण कशाचं? म्हणून नानांनी एक मार्ग काढला. खोल्यांच्या मागची भिंत आणि गोदामाची भिंत यांच्यामध्ये एक पट्टी उरली होती. टेम्पो उभे करायला लोक ती मागत होते, नाना देत नव्हते. दर वर्षी दिवाळीच्या आधी ते तिथे ज्वारी पेरत. लोक पीक वाचवायला बंदूक ठेवतात. नाना बंदूक वाचवायला पीक ठेवत. नानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या पट्टीला ‘रांगोळीएवढं रान’ म्हणायच्या. पाखरं खुशाल येऊन कणसं टिपत. मी एकदा विचारलं, “नाना, यांच्यावर नाही का काढत बंदूक?” तर म्हणाले, “चिमणीला बारा बोर मोठा पडतो.”

परवान्याचं नूतनीकरण आलं की ठाण्यातले एक हवालदार पीक बघायला येत. भिंतीला टेकून ज्वारीकडे बघत आणि विचारत, “कशापासून संरक्षण लिहू?” नाना म्हणत, “रानडुकरं.” हवालदार आजूबाजूला बघत. “नाना, हितं फोर्कलिफ्टशिवाय काय फिरतं का?” मग चहा येई आणि रानडुकरं लिहिली जात. निवडणूक लागली की सगळ्या परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. नाना ती गोधडीत गुंडाळून न्यायचे, निकाल लागला की आणायचे आणि दोन दिवस तेल लावत बसायचे. निवडून कोण आलं याची त्यांना फिकीर नसे. “तितं तिची निगा न्हाई राखत,” एवढीच त्यांची प्रत्येक निवडणुकीबद्दलची तक्रार.

पण ही बारा बोर हरणासाठी नव्हे, हे नाना स्वतःच सांगत. तिचे छर्रे पसरतात, लांबून मारलं तर जनावर जखमी होऊन पळतं. हरणासाठी रायफलच पाहिजे. कुठली? इथून पुढे आमच्या गुरुवारच्या बैठका सुरू होत. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. नाना सकाळीच मोबाइल घेऊन आमच्या दारात बसत आणि परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ लावत. त्यांना इंग्रजी येत नसे. “पत्रकवाले, ह्यो काय म्हनतो बघ.” शिकार हा माजोरड्या लोकांचा खेळ आहे असं ठाम मत असलेली मी, बर्फात झोपलेल्या कुठल्यातरी लालबुंद माणसाचं बोलणं मराठीत करून सांगत असे. वडील आतून म्हणत, “चांगली चाललीय चळवळ.”

अशाने मला सगळे बोर पाठ झाले. पॉइंट टू-टू नानांनी पहिल्याच दिवशी बाद केली होती; ती हरणाचा अपमान करते. थर्टी-ऑट-सिक्स दणकट, पण लहान हरणाला फार. “हरीण मरंल, पन मांसाच्या चिंध्या व्हतील. मंग खायाचं काय, आवाज?” टू-सेव्हन्टीची गोळी सरळ आणि लांब जाते, त्यावर ते एक अख्खा पावसाळा खूश होते. मग त्यांच्या लक्षात आलं की तेवढी लांब नजर जाईल असा मोकळा माळच आता शिल्लक नाही. कुठेही नेम धरला तरी मध्ये कोणाचं तरी शेड येणार. टू-फोर्टी-थ्री हलकी आणि चपळ, पण झाडीत एखादी काडी लागली तरी गोळी वाट सोडते. आणि आपल्याकडे मिळणारी थ्री-फिफ्टीन? “ती बरी हाय,” नाना म्हणत, आणि ते ‘बरी’ अशा सुरात म्हणत, जसा एखाद्या स्थळाला नकार कळवावा. चितळासाठी एक, सांबरासाठी दुसरी, भेकरासाठी तिसरी. काळवीट कोणी म्हटलं की ते चिडत. “काळवीट हरीण न्हाई. हरणाची शिंगं दर साली झडत्यात. आदी हरीण म्हंजी काय ते शिका.”

मी त्यांना कायदा ऐकवायचे. शिकारीला बंदी आहे, तुरुंग आहे. ते मान डोलवत. “व्हय. आन त्यो कायदा बरा हाय.” मग ही एवढी निवड कशासाठी? ते म्हणत, “इचार कराया बंदी हाय का?” नानी भाजी निवडता निवडता सांगत, “अगं, ह्यांनी आजून कोंबडी कापली न्हाई. कापायची म्हनलं की दळन आनाया जात्यात.”

मला तेव्हा ते मजेचं वाटे आणि थोडा रागही येई. बंदुकीवर सगळ्यांचं लक्ष, आणि डोंगर पोखरणाऱ्या यंत्रांवर कोणाचंच नाही. गोळी एका हरणाला लागते, प्लॉटिंग अख्ख्या कळपाला. बंदुकीला परवाना लागतो, दर वेळी हवालदार येऊन पीक बघून जातो. डोंगर सपाट करताना तिथे काय राहत होतं हे बघायला कोण येतं? हे मी पत्रकात लिहिलंही होतं. नानांनी ते वाचून घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, “बोर बरोबर हाय तुजा. नेम जरा मोठा धरलाय.”

मग तो गुरुवार आला. ज्वारी डोक्याएवढी झाली होती, कणसं भरत होती. सकाळी कुत्री एकदम भुंकत सुटली. पाठोपाठ मागच्या पट्टीतून कोणीतरी खोकल्यासारखा आवाज आला, पण माणसाचा नाही. नानांनी चहाची कपबशी खाली ठेवली. “भेकर,” ते म्हणाले. भेकर म्हणजे शेळीएवढं लहान हरीण. डोंगराकडून पाणी शोधत, रस्ते ओलांडत ते कसं आलं कोण जाणे. आजूबाजूला हिरवं असं एवढंच होतं, नानांचं रांगोळीएवढं रान. ते त्यात शिरलं होतं.

सुट्टीचा दिवस. अर्ध्या तासात भिंतींवर माणसं चढली, गोदामाच्या पत्र्यावर चढली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. ज्वारीत ते दिसेना, म्हणून ते बाहेर यावं यासाठी दगड सुरू झाले. एक दगड पडला की ज्वारी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलत जाई. भिंतीवरचा एकजण ओरडला, “नाना, काढा की बंदूक. पीकसंरक्षण हाय ना तुमचं?” सगळे हसले. दुसरा म्हणाला, “राव, नानांचं आजून बोरचं ठरलं न्हाई.” आणखी हसले.

नाना आत गेले आणि खरंच बंदूक घेऊन आले. मोबाइल वर झाले. मी त्यांच्या आडवी गेले. काय बोलले ते आठवत नाही, पण त्यांनी मला बाजूला घेतलं, बंदूक मधून वाकवून उघडली आणि दोन्ही नळ्या मला दाखवल्या. दोन्हींतून पलीकडचा उजेड दिसत होता. “वनखात्याला फोन लाव,” ते म्हणाले. मग ज्वारीकडे पाठ करून त्यांनी खुर्ची टाकली, बंदूक मिटून मांडीवर आडवी ठेवली आणि भिंतीवरच्या माणसांकडे बघत बसले.

“मागं सरा.”

“भरलेली हाय का, नाना?”

“ज्याला इचारायचंय त्यानं खाली यावं.”

कोणी खाली आलं नाही. दगड थांबले. वडिलांनी गल्लीचं फाटक लावलं, नानींनी कुत्री खोलीत कोंडली. ऊन चढलं तसे पत्र्यावरचे लोक आपोआप उतरले. नाना हलले नाहीत. त्यांच्या मागे, हाताच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ, ते जनावर उभं होतं आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी म्हटलं, “नाना, बघा तरी.” ते म्हणाले, “माज्या नजरंनं बी बिथरंल ते.”

वनखात्याची माणसं दुपार कलल्यावर आली. त्यांनी जाळी लावली, भेकराच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि त्याला गाडीत ठेवलं. त्यांच्यातला एकजण म्हणाला, ही जनावरं गोळीपेक्षा धावपळीनेच मरतात. अजून थोडं पळवलं असतं तर छाती फुटली असती. गाडी गेली. अर्धी ज्वारी आडवी झाली होती.

व्हिडिओ मात्र आधीच सगळीकडे गेला होता. त्यात भेकर नव्हतंच. गर्दीसमोर बंदूक घेऊन बसलेला एक म्हातारा होता. दोन दिवसांनी तेच हवालदार आले. त्यांनी चहा घेतला नाही. “नाना, मला माहीत हाय हो. पण वर गेलंय ते.” नानांनी गोधडी आणली आणि बंदूक गुंडाळली. या वेळी निवडणूक नव्हती, त्यामुळे निकालही लागणार नव्हता. परवाना रद्द झाला. बंदूक घेऊन बसायचं म्हणजे काय होईल, हे त्यांना खुर्ची टाकतानाच माहीत होतं, असं नानी नंतर म्हणाल्या.

मी पेटले. रात्रभरात नाही, पण आठवड्याभरात एक जळजळीत पत्रक लिहिलं: नानांची बंदूक परत द्या. नानांनी चष्मा लावून ते वाचलं, माझा पेन घेतला आणि मथळाच खोडला. मग माझा ‘शूर’ हा शब्द खोडला. मग प्रशासनाला विचारलेले सगळे प्रश्न खोडले. शेवटी जेमतेम एक ओळ राहिली. “एवढंच छाप,” म्हणाले.

त्यानंतर एका गुरुवारी मी त्यांना विचारलं, “नाना, त्या दिवशी तुमच्या मनासारखी रायफल हातात असती तर?” मोबाइलवर कोणीतरी बर्फात झोपलं होतं, त्याचा आवाज त्यांनी बंद केला. “सांगता न्हाई येत, पोरी,” ते म्हणाले. “म्हनून तर ठरवली न्हाई.”

यंदाही दिवाळीच्या आधी त्यांनी ज्वारी पेरली. आता परवाना नाही, दाखवायला कोणाला नाही. टेम्पोवाले पुन्हा पट्टी मागून गेले. नानी म्हणाल्या, “आता कशापायी?” नाना मुठीने दाणे सोडत राहिले. म्हणाले, “वाट ठावी झालीया त्याला.”

त्यांनी ठेवलेली ओळ मी इथे मागणी म्हणून लिहिते आहे, आणि ती तुम्ही पाळावी अशी माझी विनंती आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या कंपनीच्या आवारात, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाट चुकलेलं जनावर आलं, तर दगड खाली टाका, मोबाइल खिशात ठेवा, वनखात्याला कळवा आणि मागे सरा. कोणी विचारलं की हे कोणी सांगितलं, तर सांगा, एका शिकाऱ्याने.